शोकसभेला ते स्वतः आले

आमच्या वाचनालयाने एका जिवंत माणसाची शोकसभा ठरवली होती, आणि त्या वाचनालयाची सहचिटणीस मी आहे. हसा, खुशाल हसा. मीही आता हसते. त्या दिवशी मात्र चिटणीसकाकांच्या डोक्यावर खडूचा डबा उपडा करावा असं मला वाटलं होतं.

वाचनालय मुलुंडला, मी राहते नाहूरला. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम कर. मला आराम मानवत नाही, माझं डोकं फिरतं. म्हणून मी वाचनालयाच्या कमिटीत शिरले. आमच्या दाराशी एक फळा आहे. कुणी नावाजलेलं मराठी माणूस गेलं की चिटणीसकाका आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्या फळ्यावर श्रद्धांजली लिहितात आणि लगेचच्या रविवारी सकाळी शोकसभा होते. फोटो, हार, उदबत्ती, चार भाषणं, दोन मिनिटं स्तब्धता आणि शेवटी चहा. सगळ्या उपनगरांत पहिला फळा आपला लागतो, हा काकांचा अभिमान. आणि एक खरं सांगू? जिवंत वक्ता बोलावला तर आमच्याकडे पुढच्या दोन रांगा भरत नाहीत. गेलेल्या माणसाला मात्र खुर्च्या कमी पडतात.

तर त्या गुरुवारी फळ्यावर संपादकांचं नाव लागलं.

आमच्या घरात त्यांचं नाव कधी कुणी घेतलंच नाही. संपादक, बस्स. मी शाळेत होते तेव्हा ते घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातले साधे वार्ताहर होते आणि सायकलवरून फिरायचे. पुढे मोठ्या दैनिकाचे संपादक झाले, निवृत्त झाले, पार्ल्याला राहायला गेले. सार्वजनिक जीवनातल्या दोनच माणसांना मी आयुष्यभर जीव लावला. एक हे. दुसऱ्या आमच्या घाटकोपरच्या टेकडीच्या नगरसेविका, पुढे आमदार झाल्या त्या. त्यांना सगळी टेकडी ‘बाई’ म्हणायची. आता या दोघांचं एकमेकांशी वाकडं. सासूचीही बाजू घ्यायची आणि सुनेचीही, तसली माझी गत होती. पण मला दोघंही हवी होती, त्याला मी काय करू?

फळा वाचून मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. काका म्हणाले, “आवरा स्वतःला. सभेचं बघायचंय. अध्यक्ष कोण?”

मी डोळे पुसत म्हटलं, “बाई. दुसरं कोण? ज्याच्याशी आयुष्यभर भांडण झालं त्याच्याबद्दल माणूस खोटं बोलत नाही.”

बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सभेची वेळ विचारून घेतली. मग म्हणाल्या, “येते. त्याच्याबद्दल एक बोलायचं राहिलंच होतं माझं.”

घरी आले तर मुलगी दिवाणावर आडवी. शेजारी फोन पालथा घातलेला.

माझी मुलगी पत्रकार आहे. आहे म्हणू की होती म्हणू, हाच त्या आठवड्यातला घरातला प्रश्न होता. ती एका बातम्यांच्या वेबसाइटवर काम करायची. देवनारच्या कचराडेपोच्या कडेला राहणाऱ्या बायकांवर तिने कितीतरी दिवस खपून बातमी केली होती. डेपोत आग आपोआप लागत नाही, कोणीतरी लावतं; त्याआधी कुणाच्या गाड्या येतात; धुराने कुणाची पोरं रात्रभर खोकतात, हे सगळं त्यात होतं. बातमी सकाळी लागली आणि दुपारी गायब. वरून फोन आला म्हणे. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, कॉफी पाजली आणि म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस. घ्या! ती मनाला लावून घेणारच. माझी मुलगी आहे ती.

तिने राजीनामा लिहून ठेवला होता. एका बिल्डरच्या कंपनीत प्रसिद्धीचं काम मिळत होतं. एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी, टॉवरच्या स्वीमिंग पूलवर चार गोड ओळी लिहायच्या. हो की नाही ते सोमवारी सकाळी कळवायचं होतं.

आणि तो पालथा फोन सारखा थरथरायचा. देवनारच्या एक मावशी होत्या. मुलीला हाताला धरून डेपोच्या मागच्या बाजूला नेऊन गाड्या त्यांनी दाखवल्या होत्या. बातमी गायब झाल्यापासून त्या रोज फोन करत होत्या आणि ही उचलत नव्हती.

“उचल ना गं,” मी म्हणायची.

“काय सांगू त्यांना? तुम्ही जिवावर उदार होऊन बोललात आणि आम्ही पुसून टाकलं? नवी नोकरी लागली की नंबरच बदलते. सुटले.”

सुटले म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलणार काय? या मुलीला मीच लहानपणापासून संपादकांच्या गोष्टी सांगून सांगून पत्रकार केलं होतं. आता ती मला ऐकवायची, “तुझे संपादक आज खुर्चीत असते ना, तर त्यांनाही कॉफी पाजली असती कुणीतरी.” पोरीने हे काम सोडलं तर तिचं काही अडणार नव्हतं, उलट सुखात राहिली असती. पण मला आतून वाटत होतं की ही मावशींना तोंड न दाखवता गेली तर पुढे कुठल्याच खुर्चीत नीट बसू शकणार नाही. मी ओळखते तिला.

त्या दिवशी मात्र मी भांडले नाही. पर्स टाकली आणि म्हटलं, “संपादक गेले गं.”

ती उठून बसली. “कोण म्हणालं?”

“फळ्यावर लागलंय.”

“फळ्यावर कुणी लिहिलं?”

“काकांनी.”

“काकांना कुणी सांगितलं?”

“ग्रुपवर आलं.”

“ग्रुपवर कुणी टाकलं?”

“अगं, माणूस गेलाय आणि तू उलटतपासणी काय घेतेस!”

ती ऐकेल तर शपथ. कुणाकुणाला विचारून तिने पार्ल्याचा घरचा नंबर मिळवला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून एक जाड, घोगरा आवाज म्हणाला, “बोला.”

मुलगी गडबडली. “सर, एका बातमीची खात्री करायची होती.”

“कसली?”

“तुमच्या... म्हणजे, तुम्ही गेल्याची.”

“कुठे आलीय?”

“फळ्यावर, सर. मुलुंडला.”

“मुलुंडला?” त्यांचा आवाज पडला. “निदान दादरला तरी लागायला हवी होती.”

माझा हात तोंडावर. मुलगी म्हणाली, “सॉरी सर. तुम्ही बोलताय म्हणजे खात्री झालीच.”

“अशी कशी झाली? मी एक सूत्र झालो. दुसरं?” आणि मग आत हाक, “अगं, ही मुलगी विचारतेय मी आहे का!”

लांबून एक बाईचा आवाज आला, “आहेत म्हणावं! आणि पायाला प्लास्टर घालून पंखा पुसायला निघाले होते म्हणावं!”

ते न्हाणीघरात घसरले होते, पाय मोडला होता, इस्पितळात एक दिवस राहून घरी आले होते, एवढंच. पार्ल्याहून पाय मोडल्याची बातमी निघाली ती अंधेरी, घाटकोपर करत मुलुंडला पोचेस्तोवर माणूस गेलेला होता. कुणीही वाटेत थांबून एक फोन केला नाही. तो केला माझ्या मुलीने, जी चार दिवसांत हे काम सोडणार होती.

ती हसत होती. पोट धरून. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होते.

मी फोन ओढून घेतला, माफी मागितली, सभा रद्द करते म्हटलं. ते म्हणाले, “छे छे! आपल्यामागे लोक काय बोलतात ते समोर बसून ऐकायला किती जणांना मिळतं? मी येतो. अध्यक्ष कोण आहे?”

“बाई,” मी म्हटलं.

“मग तर येतोच,” ते म्हणाले.

आता या दोघांचं वाकडं का होतं ते सांगायला हवं. त्यासाठी टेकडीवर जावं लागेल.

आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर राहायचो. बाबा विदर्भातून आलेले, बसडेपोत रात्रपाळीला. पाणी टेकडीखाली, नाक्यावरच्या एकाच नळाला. सकाळी बायकांची रांग लागायची आणि बाबा कामावरून परतताना पेपर घेऊन त्या रांगेशी उभे राहायचे. मोठ्याने बातम्या वाचायचे. ही आमच्या टेकडीची रीतच होऊन गेली होती. अर्ध्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मंत्रिमंडळात कोण आलं, कोण गेलं, कापडगिरण्यांचं काय झालं, सगळं पाठ. हंडा भरेपर्यंत वाद घालायच्या. माझी आई त्यात सगळ्यात पुढे. तिचा बाबांवर डोळा असायचा. त्यांनी एखादी ओळ गाळली की म्हणायची, “खाल्लंत काहीतरी. पुन्हा वाचा.”

आईच्या टाळूवरचे केस हंड्याखालच्या चुंबळीने गेले होते. त्यामुळे ती डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. मी वेणी घालून घ्यायला तिच्यापुढे बसायचे तेव्हा ती म्हणायची, “तुझे केस राहतील असं काहीतरी करायला हवं.”

ते करायला बाई आल्या. खालच्या सोसायटीतल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, खांद्याला शबनम अडकवलेल्या. आमच्या विहाराच्या ओट्यावर बसून त्यांनी बायकांना अर्ज लिहायला शिकवलं, हंडा मोर्चा काढला, वॉर्ड ऑफिसरच्या टेबलावर रिकामा हंडा आपटला. आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं तरी पुन्हा मागायच्या. आई त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायची. बाई निवडून आल्या आणि टेकडीवर पाइप चढायला लागला.

मग उद्घाटन. विहारासमोर नवा नळ, लाल फीत, नारळ. बाईंनी नळ फिरवला आणि धो धो पाणी आलं. बायकांनी फुगड्या घातल्या. मी चिंब भिजले, कुणी ओरडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नळ कोरडा. आणि त्याच आठवड्यात बाबांनी रांगेत उभं राहून ती बातमी वाचली. उद्घाटनाचं पाणी नळाचं नव्हतंच. पाइप खालच्या मोठ्या लाइनला जोडलाच नव्हता. टेकडीच्या मागच्या रस्त्यावर टँकर उभा करून त्याची नळी पाइपात घातली होती. खाली त्या सायकलवाल्या वार्ताहराचं नाव होतं. शेवटी त्याने बाईंवरही झोड उठवली होती, की यांच्यात आणि बाकीच्या पुढाऱ्यांत फरक तो काय?

आईने पुढे होऊन बाबांच्या हातातला पेपर घेतला, त्याची घडी केली आणि म्हणाली, “हा पेपर उद्यापासून आपल्या घरात नको.” आणि नाहीच आला. बाबा बिचारे केस कापायच्या दुकानात जाऊन वाचायचे. महिन्यात तीनदा केस कापून यायचे, डोकं गोटा. शेजारी विचारायचे, कुणी गेलं का घरातलं?

पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या. टेकडीने त्यांनाच मतं दिली, खालच्या सोसायट्यांनी दिली नाहीत. नळाला मात्र दसऱ्याच्या आत खरं पाणी आलं. बाई पुढे पुन्हा उभ्या राहिल्या, आमदारही झाल्या, पण टँकरची ती बातमी म्हणजे आपल्यावरचं कुभांड आहे असंच त्या आयुष्यभर भाषणांत सांगत आल्या. आणि आईने मरेपर्यंत संपादकांचं नाव काढलं की मान फिरवली. मी दुकानात जाऊन बाबांशेजारी बसून तो पेपर वाचायचे, घरी येऊन बाईंच्या गोष्टी ऐकायचे. मला दोघंही खरी वाटायची. आईला हे कधी सांगायची हिंमत झाली नाही.

रविवारी मुलीला मी ओढूनच नेलं. “बातमी तू पक्की केलीस, तुला यावंच लागेल,” म्हटलं. ती मागच्या रांगेत बसली, मांडीवर पालथा फोन.

आमची तयारी बघण्यासारखी होती. बॅनर आधीच छापून झालेला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. काकांना नवा छापायचं जिवावर आलं. त्यांनी ‘श्रद्धांजली’वर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं ‘स्वागत’. भावपूर्ण तसंच राहिलं. फोटोवरचा चंदनाचा हार काढला, पण उदबत्ती कोणीतरी सवयीने लावलीच. दोन मिनिटांची स्तब्धता कार्यक्रमपत्रिकेतून काढताना काकांचा चेहरा एवढा पडला होता की मला दया आली. गर्दी विचारू नका. खुर्च्या संपल्या, लोक जिन्यात उभे राहिले.

संपादक चाकाच्या खुर्चीतून आले, पाय पुढे ताणलेला, डोक्यावरचे सगळे केस पांढरे. बाई काठी टेकत आल्या. मंचावर दोघं शेजारी बसली. एकमेकांकडे बघितलं नाही.

भाषणं झाली. जिवंत माणसासमोर श्रद्धांजलीची भाषणं करणं सोपं नाही. एक गृहस्थ सवयीने “त्यांच्या आत्म्याला” म्हणाले आणि मध्येच थांबले. संपादक खुर्चीतून म्हणाले, “चालू द्या, आत्मा इथेच आहे.” सभागृहात हशा पिकला.

मग बाई उठल्या. म्हणाल्या, “याने माझी एक निवडणूक घालवली. तरी मी आले आहे, म्हणजे बघा.” लोक हसले. त्या पुढे त्यांच्या लेखणीबद्दल, निर्भीडपणाबद्दल बोलल्या. छान बोलल्या. पण नेहमीचंच. मला जरा निराशाच वाटली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हात वर झाला. माझ्या मुलीचा.

“बाई, मला एक विचारायचंय.”

चिटणीसकाका तडक उभे राहिले. “शोकसभेत प्रश्न विचारत नाहीत!”

“शोकसभेत मीही नसतो,” संपादक म्हणाले. “विचारू द्या तिला.”

“बाई,” मुलगी म्हणाली, “ती टँकरची बातमी खरी होती का?”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बोलावून आणलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईला, भर सभेत! मी तिच्याकडे डोळे वटारले. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बाईंकडे बघत होती, आणि मला कळलं की हा प्रश्न बाईंसाठी नाहीच. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं की कुठेतरी, कधीतरी, खरं छापलेलं खरंच ठरतं का.

बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. “खरी होती,” त्या म्हणाल्या.

“निवडणूक तोंडावर होती. जोडणी रखडली होती. मला वाटलं, आधी फीत कापू, मग जोडून घेऊ. टँकर मीच मागवला. आणि नंतर ते इतके दिवस नाकारलं की मलाही खोटंच खरं वाटायला लागलं. पण मी आज जे सांगायला आले ते वेगळंच आहे. मघाशी धीर झाला नाही. बातमी छापून येण्याच्या आदल्या संध्याकाळी टेकडीवरची एक बाई माझ्या घरी आली होती. दारातच उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, त्या सायकलवाल्याला मी सांगितलंय. टँकरची नळी मी बघितली, त्यालाही नेऊन दाखवली. उद्या पेपरात येईल. तुमच्या पाठीमागे केलं असं व्हायला नको म्हणून सांगायला आले. माझा तुमच्यावर राग नाही. पण हंडा अजून डोक्यावरच आहे.’”

संपादकांनी मान वर केली. “बाई, पुढचं बोलू नका. ते माझं सूत्र होतं. नाव मी बायकोलाही सांगितलेलं नाही.”

“तुमचं व्रत तुमच्यापाशी,” बाई म्हणाल्या. “मला कुणी शपथ घातली नव्हती. ती स्वतः मला सांगून गेली आणि आता ती नाही. तिचं श्रेय तिला नको मिळायला?” मग त्या पुन्हा सभेकडे वळल्या. “पेपरचे मालक माझ्या चांगल्या ओळखीचे होते. एक फोन केला असता तर बातमी आली नसती. मी फोन उचललासुद्धा. ती दारातच उभी होती. वाऱ्याने तिचा पदर सरकला आणि मला तिची टाळू दिसली. केस नव्हते तिथे. मी फोन खाली ठेवला. राजकारणात मी बरंच काही केलं, पण न केलेला तो एक फोन मला अजून आवडतो.”

मला ‘टाळू’ एवढं ऐकू आलं आणि पुढचं काही ऐकूच येईना. बाईंनी बोट केलं ते माझ्याकडेच.

“हिची आई ती.”

आई! जिने पेपर बंद केला, जिने बाबांना न्हाव्याच्या दुकानात बसवलं, ती! मी उभ्या उभ्या रडायला लागले. राग आला, हसू आलं, अभिमान वाटला, सगळं एकदम. सगळं आयुष्य मला वाटत होतं की या दोघांपैकी एकाची निवड आईने केली आणि मी गुपचूप दोघांवर माया केली. अगं बाई, मायेने आणि हिशेबाने तिनेच दोघांनाही कामाला लावलं होतं. हंडा काय एका हाताने डोक्यावर चढतो?

“मग पेपर का बंद केला तिने?” मी तिथूनच ओरडून विचारलं. सभेचं भान राहिलं नव्हतं.

बाई हसल्या. “माझ्यासाठी. ‘मी त्याला पाण्याचं सांगितलं होतं, त्याने तुमची लायकी काढली’ म्हणाली. फार रागावली होती ती याच्यावर.”

संपादक चष्मा पुसत होते. “रागावली ते बरोबरच होतं,” ते म्हणाले. “शेवटचा परिच्छेद मी ऐटीत लिहिला होता. आणि बाई, इतकी वर्षं मला वाटत होतं ती बातमी माझ्या धाडसाने छापून आली. तुमचा फोन राहिला म्हणून आली, हे आज कळतंय. मेलो असतो तर कळलं नसतं.”

मग काय, टाळ्या. काकासुद्धा वाजवत होते.

चहाच्या वेळी संपादकांनी मुलीला जवळ बोलावलं. तिने दोन वाक्यांत देवनारचं सांगितलं, साहेबांची कॉफीही सांगितली. मी कान टवकारले, आता काहीतरी मोठं बोलतील. ते बिस्कीट चहात बुडवत एवढंच म्हणाले, “काढून टाकलेली बातमी खोटी होत नाही. दुसरीकडे दे. माझ्या ओळखीची अजून दोन-चार वेडी माणसं पेपर चालवतात.” आणि बिस्कीट चहात पडलं म्हणून वैतागले.

मुलगी कप ठेवून दाराशी गेली. मीही मागोमाग गेले, बाई काठी टेकत आल्या, संपादकांना कोणीतरी खुर्चीसकट बाहेर आणलं. मी मनात म्हणत होते, उद्या सोमवार. त्या बिल्डरला ही काय कळवणार?

काकांचा फळा कोरा पुसलेला होता. ती त्याच्या खालच्या पायरीवर उभी होती आणि हातात फोन थरथरत होता. मी मान लांब करून बघितलं. देवनारच्या मावशी.

ती फोनकडे बघत राहिली. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते किती कठीण आहे हे मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे.

तिने फोन उचलला.

“हां मावशी. हो, मीच. नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही, मीच उचलला नाही. बातमी पुसली त्यांनी. मी कुठे पुसली गेले? आहे मी. पुन्हा करणार. बोला तुम्ही.” ती ऐकत राहिली, मग एकदम ताठ झाली. “काल पुन्हा आग लागली? कुठल्या बाजूला? तुमच्याशिवाय अजून कुणी बघितली? नाव नका सांगू फोनवर, भेटले की सांगा. थांबा हं, एक मिनिट.”

तिने आमच्याकडे न बघताच मागे हात पसरला. पेन हवं होतं. मी पर्स उपसली, सापडेल तर ना! संपादकांनी खिशातलं काढून पुढे केलं, बाईंनी शबनममधलं काढून पुढे केलं. तिने कुणाचं घेतलं ते मला दिसलं नाही, माझे डोळे भरले होते. एवढं दिसलं की ती पायरीवर बसली आणि सभेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर भराभर लिहायला लागली.